आठव्या नंबरची गाडी

आमच्या इमारतीत एखाद्याला गाडी बाहेर काढायची असेल, तर किती जणांची झोप मोडणार हे तिच्या नंबरवर ठरतं. पार्ल्यातली पन्नास वर्षांची जुनी सोसायटी, तीन मजले, बारा बिऱ्हाडं. बांधली तेव्हा एकाकडेही गाडी नव्हती, त्यामुळे गाड्यांना जागा ठेवावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आता इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधल्या लांबट पट्ट्यात आठ गाड्या एकामागे एक उभ्या असतात. सगळ्या रिव्हर्समध्ये आत घातलेल्या, तोंडं बाहेर. पट्टा संपतो तिथे पंपाची खोली आहे, आणि तिला वळसा घालून उजवीकडे वळलं की फाटक. हे वळण फार वाईट आहे. स्टेअरिंग अगदी शेवटपर्यंत फिरवलं तर गाडी एका दमात निघते, जरा कमी फिरवलं की नाक भिंतीला.

एक नंबरची गाडी केव्हाही निघते. आठ नंबरची काढायची तर आधीच्या सातही रस्त्यावर जायला हव्यात. पूर्वी सगळ्यांच्या चाव्या वॉचमनच्या केबिनमध्ये टांगलेल्या असायच्या आणि तोच गाड्या मागेपुढे करायचा. मग एकदा कुणाच्या तरी गाडीच्या दाराला पोचा आला. तो कुणी केला हे काही शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून ठराव झाला, ज्याची गाडी त्यानेच हलवायची.

सातव्या नंबरला मी आहे. आठव्याला देवदत्त.

त्याला आठवा नंबर मीच दिला, हे आधीच सांगून टाकतो. अकरा वर्षांपूर्वी गच्चीवर सभा होती. चिठ्ठ्या टाकायच्या की आळीपाळीने नंबर बदलायचे, यावर अर्धा तास वाद चालला होता. मला असले वाद सहन होत नाहीत, माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "अहो, शेवटचा नंबर देवाला द्या की. तो नाहीतरी कुठे जातो?" सगळे हसले. देवदत्तही हसला आणि म्हणाला, "बरं."

हे "बरं" मी चाळीस-पंचेचाळीस वर्षं ऐकत आलोय. आम्ही एकाच वयाचे, एकाच इमारतीत वाढलेले, शाळेत एका बाकावर बसलेले. क्रिकेटमध्ये त्याला कायम विकेटकीपर करायचे, कारण ते कुणालाच नको असायचं. तेव्हाही तो "बरं"च म्हणायचा. पुढे तो कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट म्हणून लागला, आणि घरापासून अकरा मिनिटांच्या त्या लॅबमध्ये त्याने तेहतीस वर्षं काढली. दुपारी जेवायच्या सुट्टीत तो घरी यायचा. स्वतः जेवायला नाही, अण्णांना वाढायला.

अण्णा म्हणजे त्याचे वडील. आता नव्वद पूर्ण आहेत. माणूस दुष्ट नाही हो, उलट आमच्या लहानपणी इमारतीतल्या सगळ्या पोरांना गणितं शिकवायचे. पण आई गेल्यापासून त्यांना एकटं राहायची भीती बसली आणि ती वयाबरोबर वाढतच गेली. डोळ्यांना फारसं दिसत नाही. देवाचा आवाज कानावर पडला की शांत होतात. पंधरा-वीस मिनिटं पडला नाही की पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून हाक येते, "देवाऽऽ!" आमच्या इमारतीत घड्याळ नसलं तरी चालेल. सांभाळायला बायका ठेवून पाहिल्या, पण अण्णा त्यांच्या हातची गोळी घेईनात. लग्न म्हणाल तर दोनदा जमत आलं होतं. पहिल्या वेळी आई गेली, वर्षभर थांबायचं ठरलं, मुलीकडचे काही थांबले नाहीत. दुसऱ्या वेळी अण्णांचंच ऑपरेशन निघालं. नंतर कुणी विचारलं नाही आणि यानेही विषय काढला नाही.

मला राग यायचा. अण्णांचाही यायचा आणि देवाचा तर जास्तच. एकदा मी त्याला फैलावर घेतलं. "अरे, तू माणूस आहेस की दाराची कडी? जरा नाही म्हणायला शीक." तो म्हणाला, "नाही कुणाला म्हणू? ते काही चुकीचं मागत नाहीत ना रे." कपाळ माझं!

गाडी त्याने अण्णांना डॉक्टरकडे न्यायला म्हणून घेतली होती. लाल, छोटी, दोन हजार नऊ सालची. सुरुवातीला ती महिन्यातून एकदा तरी निघायची. पुढे अण्णांना जिना उतरवेना, डॉक्टरच घरी यायला लागले, आणि गाडी आठव्या नंबरला जाऊन बसली ती बसलीच. वर्षातून दोनदा पीयूसी आणि सर्व्हिसिंगसाठी निघायची, तीही आम्हा सातांपैकी अर्धे जण गाड्या घेऊन बाहेरगावी असतील असा मुहूर्त बघून.

पण बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी सकाळी दहाला देवदत्त खाली येऊन गाडीत बसायचा. काचा वर करून इंजिन चालू करायचा, बारीक आवाजात रेडिओ लावायचा आणि वीस मिनिटं समोर बघत बसायचा. समोर म्हणजे माझ्या गाडीची डिकी. मी पेपर आणायला उतरलो की काचेवर टकटक करून विचारायचो, "काय देवा, कुठवर पोचलास?"

"पनवेल," तो म्हणायचा.

पुढच्या रविवारी पेण, मग वडखळ, मग कोलाड. आमची ही गंमत कितीतरी वर्षं चालू होती. तो माणगावच्या पुढे कधी गेला नाही, कारण माणगावच्या आत डोंगराच्या अंगाला भीमराजचं गाव होतं. पोचला की पुन्हा पुढच्या रविवारी पनवेलपासून सुरुवात.

भीमराज म्हणजे त्याच लॅबमधला शिपाई. दोघांनी अठ्ठावीस वर्षं बरोबर बाटल्या धुतल्या, बरोबर चहा प्यायला. देवदत्तला मित्र म्हणावा असा तोच एक. मी शेजारी. निवृत्त झाल्यावर भीमराज गावी गेला, दोन खोल्या बांधल्या आणि दर महिन्याला फोन करून याला बोलवत राहिला. गेल्या वर्षी तो शेतात पडला आणि त्याचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, घरातल्या घरात काठी घेऊन चालायला लागला. पण त्याचं घर डांबरी रस्त्यापासून दोन किलोमीटर वर. वाट सगळी दगडधोंड्यांची, मध्ये एक ओढा. रिक्षावाले वर यायला तयार नाहीत आणि मोटरसायकलवर त्याला बसता येत नाही. त्यामुळे वर्षभर भीमराज ओटीवरून खाली उतरलेला नव्हता.

मग एक दिवस सगळं जुळून आलं. देवदत्तची बहीण रेवती नागपूरला असते. तिच्या घरी सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या परीक्षा, पुढे नातवंडं, काही ना काही चालू असायचं, म्हणून नऊ वर्षांत तिला इथे राहायला येता आलं नव्हतं. तिचा फोन आला, "दादा, मी गुरुवारी येतेय, सोमवारी परत जाईन. चार दिवस मी अण्णांकडे बघते. तू कुठेतरी जाऊन ये. इथे थांबलास तर बघ." एकुलत्या एका मुलीच्या हातची गोळी अण्णा घेतात.

देवदत्त त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. त्याला मी इतका बोलताना कधी पाहिला नव्हता. "सुबोध, भीमराजला समुद्रावर नेतो म्हणालोय. त्याच्या घरापासून दिवेआगर दीड तास. गाडी थेट त्याच्या ओटीला लावायची, त्याला अलगद बसवायचं आणि न्यायचं. वर्षभर आढ्याकडे बघत पडलाय रे तो."

"तुझी ती डबी त्या दगडांवरून चढेल?" मी विचारलं.

"म्हणूनच आलोय. चाकं बदलतो. मोठी घालतो."

त्याने सगळा अभ्यास करून ठेवला होता. गाडीला मुळात तेरा इंची रिम, त्याच्या जागी पंधरा इंची रिम आणि जाड टायर घातले की गाडीचं पोट जमिनीपासून तीन बोटं वर जातं. तीन बोटं मिळाली की ओढा पार होतो. लॅबमधली स्टीलची पट्टी घेऊन तो दोन दिवस गाडीखाली वाकून मापं घेत होता. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये जागा किती, दोरा लावून घेर किती, सगळं त्याच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात वहीत लिहिलेलं. दिंडोशीच्या बाजूला नंदकिशोर नावाचा एक टायरवाला आहे. त्याला वही दाखवून आला. त्याचं म्हणणं, "गाडी घेऊन या, तासाभरात करून देतो."

आता खरं तर गाडीच घेऊन जायला हवी होती. पण गाडी आठव्या नंबरला. ती न्यायची म्हणजे सात जणांना खाली बोलवा, आणि परत आल्यावर पुन्हा बोलवा. देवदत्त मला म्हणाला, "शुक्रवारी सगळ्यांना एकदा त्रास द्यायचाच आहे. चाकांसाठी आणखी दोनदा कशाला?" शेवटी त्याने नंदकिशोरलाच इथे बोलावलं. तो मंगळवारी दुपारी टेम्पोत चार चाकं टाकून आला आणि भिंत व गाडी यांच्या फटीत अंग चोरून, जॅक लावून, एकेक चाक बदलत गेला. जुनी चारही चाकं त्याने बदल्यात घेतली. स्टेपनी मात्र तशीच ठेवली. "सेट चारचाच येतो, काका. डिकीतली स्टेपनी जुनीच राहू द्या, अडीनडीला चालते."

मी तेव्हा तिथेच उभा होतो, उगाच सूचना देत. गाडी जॅकवर असताना नंदकिशोरने पुढची चाकं हाताने दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून दाखवली. कुठेच लागत नव्हतं. तरी जाताना तो म्हणाला, "काका, एकदा बाहेर काढून फिरवून बघितली असती तर बरं. गाडी जमिनीवर बसली की वजनाने चाक वर सरकतं. पूर्ण स्टेअरिंग मारल्याशिवाय नाही कळत." देवदत्तने पुढे उभ्या असलेल्या सात गाड्यांकडे बघितलं. "शुक्रवारी कळेलच की," म्हणाला.

गाडी मात्र झकास दिसायला लागली होती. पायात उंच बूट घातलेल्या पहिलीतल्या पोरीसारखी. रेवती आली तेव्हा तीही खाली उतरून बघून हसली.

नोटीस आठ दिवस आधीच फळ्यावर लागली होती. "शुक्रवारी सकाळी साडेसहा वाजता कृपया आपापली वाहने दहा मिनिटांसाठी बाहेर घ्यावीत. तसदीबद्दल क्षमस्व." एवढ्यावर त्याचं समाधान नाही. गुरुवारी संध्याकाळी तो सातही घरांत जाऊन पुन्हा सांगून आला. सगळे म्हणाले, "अहो देवाकाका, त्यात काय! जा, मजा करा." मीही म्हणालो.

शुक्रवारी सव्वासहाला मी खाली उतरलो तर तो आधीच गाडीत बसलेला. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन. मागच्या सीटवर भीमराजसाठी घेतलेल्या दोन उशा, डिकीत बॅग, लाडवांचा डबा, पाण्याचा कॅन. वर गॅलरीत रेवती अण्णांना धरून उभी होती. अण्णांना खालचं काही दिसत नव्हतं, पण ते हात हलवत होते.

साडेसहाला गाड्या निघायला लागल्या. एक, दोन, तीन. आमची गल्ली इतकी अरुंद की सातही गाड्या बाहेर गेल्यावर तिथे सायकललाही वाट उरली नाही. पण दहा मिनिटांचाच प्रश्न होता. मी माझी गाडी शेवटी काढली, गल्लीत लावली आणि मजा बघायला परत आत आलो.

देवदत्तची लाल गाडी हळूहळू पट्ट्यातून पुढे आली. अकरा वर्षांत तो पहिल्यांदाच मुक्कामाला निघाला होता. तो पंपाच्या खोलीपाशी आला, त्याने उजवीकडे स्टेअरिंग फिरवायला सुरुवात केली, आणि अर्ध्याच्या जरा पुढे ते थांबलं. खर्रर्र असा आवाज आला.

त्याने पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. मी वाकून पाहिलं. त्याच्या बाजूचं, म्हणजे उजवं पुढचं चाक बंपरच्या कडेला जाऊन घट्ट टेकलं होतं. डावं नीट फिरत होतं, अडत होतं ते हे एकच. नंदकिशोर म्हणाला होता तसंच झालं होतं.

"मागे घे, परत ये," मी ओरडलो. त्याने घेतली. परत आला. नाक भिंतीपासून वीतभर अंतरावर. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. वळायला जेवढं स्टेअरिंग हवं, तेवढं मिळतच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचा हर्षद, तरुण माणूस, कशालाच न घाबरणारा, तो म्हणाला, "काका, दाबून मारा. प्लास्टिक फाटलं तर फाटलं!" देवदत्तने दात आवळून दाबून मारलं. प्लास्टिक फाटलं, पण आत पत्रा होता. टायर त्याच्यावर घासून जळका वास सुटला आणि गाडी जागची हलेना.

मग सूचनांचा पाऊस. वॉचमन म्हणाला, सगळे मिळून पुढून उचलून बाजूला ठेवू. कल्पना वाईट नव्हती, पण उचलणार कोण? आम्ही सगळे पन्नाशी-साठी उलटलेले. एकाची कंबर, एकाचा हर्निया, माझा खांदा. हर्षद आणि वॉचमन दोघांनी जोर लावला, गाडीने नुसतं नाक वर करून पुन्हा खाली ठेवलं. वजन कमी करू म्हणून आम्ही बॅग, डबा, कॅन, उशा, सगळं उतरवून पंपाच्या खोलीच्या पायरीवर ठेवलं. तरी तेच.

देवदत्तने नंदकिशोरला फोन लावला. स्पीकरवर होता. झोपेतला आवाज म्हणाला, "काका, तुमची जुनी चाकं त्याच दिवशी एकाने नेली. दुसरा सेट बघतो ना. सोमवारपर्यंत देतो."

सोमवारी रेवती परत जाणार होती.

सात वाजून गेले. गल्लीच्या तोंडाशी शाळेची बस आली आणि हॉर्न वाजवायला लागली. तिच्यामागे दूधवाल्याची गाडी, मग कचऱ्याची. आमच्या सात गाड्यांनी गल्ली पूर्ण बंद केलेली. फाटकातून त्या आत घ्याव्यात, तर वळणावर देवदत्त आडवा. "अरे कोणाची गाडी आहे ही, हटवा ना यार!" बाहेर लोक ओरडायला लागले. आमच्यातलेही आता घड्याळ बघायला लागले होते. कुणी देवदत्तला काही बोललं नाही, पण "अहो देवाकाका, त्यात काय" हेही आता कुणाच्या तोंडावर नव्हतं.

"सुबोधदादा, काहीतरी करा हो," रेवती वरून म्हणाली. रडवेली झाली होती.

आता जे सांगतो ते मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

डिकी उघडी होती. सामान काढताना खालचं कार्पेट सरकलं होतं आणि त्याखाली स्टेपनी दिसत होती. जुनी, तेरा इंची, काळ्या रिमची. मी तिच्याकडे पाहिलं आणि त्याच क्षणी मला कळलं. अडतंय फक्त उजवं पुढचं चाक. ते काढा, त्या जागी ही छोटी स्टेपनी लावा, स्टेअरिंग पूर्ण फिरेल, गाडी वळण घेऊन बाहेर जाईल. बाहेर गेल्यावर मोठं चाक परत लावा. हमरस्त्यावर इतकं वळायचं कुठे असतं? जॅक गाडीतच होता. चार नट. फार तर अर्धा तास.

अर्धा तास. माझी साडेआठला अंधेरीत ऑफिसमध्ये मीटिंग होती, वरचे साहेब येणार होते. बस ठणाणा करत होती. बाहेर एकजण माझ्या गाडीच्या बॉनेटवर हात आपटत होता आणि माझं डोकं फिरलं होतं. मला वाटलं, आता हे सुचवलं की जॅक मलाच लावावा लागणार, खाली मलाच बसावं लागणार, आणि नाही जमलं तर बोलणीही मीच खाणार. मी डिकीचं झाकण खाली घेतलं.

"देवा," मी म्हणालो, "तू आत घे गाडी. नंतर बघू काहीतरी."

देवदत्त स्टेअरिंग धरून बसला होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं. हर्षद, वॉचमन, बाकीचे, सगळ्यात शेवटी माझ्याकडे. तेव्हा मला वाटलं, तो बिचारा आमची माफी मागतोय.

"बरं," तो म्हणाला.

मागे जायला काही अडचण नव्हती. पट्टा सरळ होता. गाडी एका रेषेत रिव्हर्समध्ये गेली आणि आठव्या जागेवर जाऊन थांबली. दोन मिनिटांत आमच्या गाड्या आत आल्या किंवा कामाला निघून गेल्या, गल्ली मोकळी झाली, बस गेली. इंजिन बंद झाल्याचं गॅलरीत ऐकू गेलं असावं, कारण वरून अण्णांची हाक आली. "देवाऽऽ! आलास का रे परत?"

आवाजात इतका आनंद होता की मला ऐकवेना.

"आलो, अण्णा," देवदत्त म्हणाला. पायरीवरच्या दोन उशा उचलून त्याने काखेत मारल्या आणि तो जिना चढून गेला.

रेवतीने त्याला एसटीने जा, टॅक्सी करून जा म्हणून खूप विनवलं, असं नंतर कळलं. तो गेला नाही. टॅक्सीवाला ओढ्यातून वर जाणार नव्हता, आणि नुसतं जाऊन भीमराजच्या शेजारी बसायचं त्याच्या मनात नव्हतं. चारही दिवस तो घरातच होता. अण्णांची गोळी चुकायची काळजी नव्हती, घरात दोघं होती. सोमवारी रेवती नागपूरला गेली. नंदकिशोरने सोमवारी दुसरा सेट आणतो म्हटलं होतं, देवदत्तने त्याला नको म्हणून कळवलं. मोठी चाकं तशीच राहिली.

त्यानंतरचे दोन रविवार मी पेपर आणायला उतरलोच नाही. तिसऱ्या रविवारी उतरलो. लाल गाडी चालू होती, काचा वर, रेडिओ बारीक. मी टकटक केलं नाही. कुठवर पोचलास, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यानेच आतून दार उघडलं. मी डाव्या सीटवर जाऊन बसलो. समोर माझ्या गाडीची डिकी. मागच्या सीटवर फाटक्या बंपरचा प्लास्टिकचा तुकडा होता, त्याने तो जपून ठेवला होता.

मग मीच विचारलं, "भीमराज काय म्हणाला?"

"काय म्हणणार. त्या दिवशी पहाटेपासून नवा शर्ट घालून ओटीवर बसला होता. दुपारपर्यंत काढला नाही म्हणे. त्याच्या बायकोने, वहिनींनीच सांगितलं." त्याने रेडिओ बंद केला. "वहिनींनी फोन त्याच्याकडे दिलाच नाही. झोपलेत म्हणाल्या."

"वाईट झालं रे," मी म्हणालो. याहून मूर्ख वाक्य मला सापडलं नाही. मग तोंडातून निघून गेलं, "पुढच्या वेळी नीट बघून करू. आपण काहीतरी मार्ग काढू."

"मार्ग होता की," देवदत्त म्हणाला. तो समोरच बघत होता. "स्टेपनी होती डिकीत. जुन्या मापाची. उजव्या चाकाच्या जागी लावली असती तर निघाली असती. मला तिथेच सुचलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"कसं बोलू? सगळे उशीर होऊन उभे होते. बस हॉर्न देत होती. आणखी अर्धा तास थांबा, हे मी कोणत्या तोंडाने म्हणणार?" त्याने दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले. "मी म्हणूनच सगळ्यांकडे बघत होतो, सुबोध. मला वाटलं, कोणीतरी म्हणेल."

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की मीही पाहिली होती ती स्टेपनी, झाकण मीच खाली घेतलं होतं. शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते.

वरून हाक आली. "देवाऽऽ!"

देवदत्तने घड्याळात पाहिलं. वीस मिनिटं झाली होती. त्याने इंजिन बंद केलं, चावी काढली आणि माझ्या बाजूचं दार उघडून द्यायला तो गाडीला वळसा घालून आला.